स्टीलचा सांगाडा उभारताना: बेसप्लेटपासून शेवटच्या नटापर्यंत कामाचा क्रम

उभारणीतल्या बहुतेक भानगडींचं मूळ एकच निघतं: बोल्ट वेळेआधी आवळलेले असतात. कॉलम उभा राहिला, बीम बसला, पाना हातातच आहे, मग नट कसून टाकले जातात. नंतर ओळंबा सोडला की कॉलम कललेला दिसतो. तो ओढायला चेन पुली लावावी तर कॉलम जागचा हलत नाही आणि बीम मात्र वाकतो. एम २० (२० मिमी व्यासाच्या) बोल्टसाठी भोक २२ मिमीचं असतं. ही दोन मिमीची मोकळीक हीच फिटरच्या हातातली ढील, आणि ती ओळंबा लागेपर्यंत राखून ठेवायची असते. खालचा सगळा क्रम त्यासाठीच आहे.

हे टप्पे बोल्टने जोडायच्या शेडसाठी आणि कमी मजल्यांच्या सांगाड्यासाठी आहेत. डिझाइनरने उभारणीची पद्धत लिहून दिली असेल आणि ती इथल्यापेक्षा वेगळी असेल, तर तीच पाळा.

## १. आधी फाउंडेशन बोल्ट मोजा, मग क्रेन बोलवा

क्रेन दारात उभी असताना बोल्ट चुकलेला सापडला की घाईत चुकीचे निर्णय होतात. म्हणून हे काम निदान काही दिवस आधी उरका.

- बेसप्लेटच्या (कॉलमच्या तळाच्या प्लेटच्या) भोकांप्रमाणे प्लायचा किंवा पातळ पत्र्याचा साचा करा आणि प्रत्येक पायावर बसवून पाहा. टेपने चार अंतरं जुळली तरी कर्ण जुळतीलच असं नाही. साचा ती चूक लगेच दाखवतो.
- बोल्टच्या गटाचा मध्य ग्रिड लाइनशी (ड्रॉइंगवरच्या आखणीच्या रेषेशी) ताडा. शेजारच्या कॉलमपासून मोजत पुढे गेलात तर प्रत्येक मापाची चूक पुढच्यात मिसळते. म्हणून सगळी मापं एकाच टोकापासून घ्या.
- बोल्ट काँक्रीटच्या वर किती निघालाय ते बघा. समजा बोल्ट एम २४ आहे, ग्राउटसाठी (बेसप्लेटखाली ओतायच्या भरावासाठी) ४० मिमी, बेसप्लेट २५, जाड वॉशर ६, दोन नट मिळून ४४ आणि वर १० मिमी आटे. एकूण १२५ मिमी झाले. ११० मिमीच निघाला असेल तर दुसरा नट पूर्ण बसणार नाही.
- प्रत्येक बोल्टवर नट हाताने शेवटपर्यंत फिरवून बघा. आट्यांत सिमेंट अडकलेलं असेल तर ते आजच काढा.

थांबा: बोल्ट बाहेर गेला म्हणून तो घण मारून वाकवू नका, गॅसने तापवू नका, बेसप्लेटचं भोकही गॅसने मोठं करू नका. वाकवलेला बोल्ट काँक्रीटच्या तोंडाशीच कमजोर होतो आणि भोवतालचं काँक्रीट फुटतं. उच्च ताकदीचा बोल्ट तापवला तर त्याची ताकदच जाते. अशा वेळी इंजिनिअरला लेखी कळवा आणि त्याच्या उत्तराची वाट पाहा.

काँक्रीट उभारणीचा भार घेण्याइतकं पक्कं झालं आहे हेही तोंडी ऐकून पुढे जाऊ नका, लेखी घ्या. एका कॉलमला चारपेक्षा कमी बोल्ट दिसले तर तो कॉलम उभारणीच्या वेळी कशावर तोलून राहणार हे आधी विचारा.

## २. तुकड्याचं वजन स्वतः काढा

ड्रॉइंगवर वजन लिहिलेलं असतं, पण क्लीट, स्टिफनर आणि गसेट (जोडाचे आणि मजबुतीचे छोटे तुकडे) धरलेत की नाही ते कळत नाही. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर, एक मिमी जाड पोलादी पत्रा ७.८५ किलोचा.

प्लेटचा बांधीव कॉलम घेऊ: फ्लँज (दोन्ही कडांच्या प्लेटी) २०० × १२ मिमीचे दोन, वेब (मधली प्लेट) ३७६ × ८ मिमी, उंची ९ मीटर.

फ्लँज: ०.२ × १२ × ७.८५ × २ = ३७.७ किलो प्रति मीटर.
वेब: ०.३७६ × ८ × ७.८५ = २३.६ किलो प्रति मीटर.
मिळून ६१.३ × ९ = साधारण ५५२ किलो.
त्यात ४०० × ४०० × २५ मिमीच्या बेसप्लेटचे ३१ किलो मिळवा. क्लीट आणि स्टिफनर धरून ६५० किलो समजा.

यावर शॅकल (पिनची कडी), स्लिंग (उचलायचा दोर किंवा पट्टा) आणि हुक ब्लॉक यांचं वजन चढवा. मग क्रेनच्या चार्टवर तपासा, तेही प्रत्यक्ष जितक्या लांबून उचलायचं आहे त्या रेडियसला. क्रेनच्या अंगावर रंगवलेला टनांचा आकडा सगळ्यात जवळच्या रेडियसचा असतो. बूम लांबवली की त्या आकड्याचा उपयोग नाही.

## ३. स्लिंगचा कोन

दोन पायांच्या स्लिंगवर २,००० किलोचा बीम टांगला तर प्रत्येक पायावर १,००० किलो येतील असं वाटतं. तसं फक्त दोन्ही पाय उभे असतील तरच होतं. आडव्या रेषेपासून कोन ६०° असेल तर प्रत्येक पायावर १,१५५ किलो येतात, ४५° ला १,४१४, आणि ३०° ला पूर्ण २,०००. स्लिंग आखूड पडली म्हणून पाय पसरून बांधणं ही रोजची चूक इथेच महागात पडते. शक्यतो ६०° ठेवा आणि ३०° च्या खाली कधीच जाऊ नका. शिवाय पाय पसरले की ते बीमला दोन्ही टोकांकडून आत दाबतात. लांब सडपातळ राफ्टर (छताचा बीम) त्या दाबाने उचलतानाच बाजूला वळतो.

वायर रोप किंवा बेल्ट फ्लँजच्या धारेवर येतो तिथे अर्धा पाईप किंवा जाड रबर ठेवा. धारेवर ताणलेला बेल्ट सुरीने कापावा तसा कापला जातो.

तपासा: तुकडा जमिनीपासून एक वीत उचला आणि थांबा. तो समतोल आहे का? शॅकलची पिन पूर्ण फिरवून बसवलेली आहे का? गाईड दोरी बांधलेली आहे का? गाईड दोरी कुणीही हाताला गुंडाळून धरू नये.

## ४. पॅकिंग आणि लेव्हल

बेसप्लेट काँक्रीटवर थेट बसत नाही, पोलादी पॅकिंगवर बसते. पायाचं काँक्रीट छिन्नीने खरबरीत करा आणि धूळ फुंकून काढा. मग प्रत्येक बोल्टच्या जवळ पॅकिंगचे गठ्ठे ठेवा. ऑटो लेव्हल (उंची ताडायची दुर्बीण) लावून सगळ्या पायांवरचे गठ्ठे बेसप्लेटच्या खालच्या लेव्हलला आणा.

दोन-दोन मिमीच्या दहा पट्ट्या रचण्यापेक्षा खाली एक १० मिमीची आणि एक ५ मिमीची प्लेट ठेवा, बारीक फरकासाठीच पातळ पट्ट्या वापरा. बऱ्याच पट्ट्यांचा गठ्ठा स्प्रिंगसारखा दबतो. काही जण लाकडाची पाचर ठोकून काम भागवतात. ती ग्राउटमध्येच राहते, कुजते आणि तिथे पोकळी उरते.

## ५. वर चढण्याआधी: हार्नेस कुठे अडकणार?

हार्नेस अंगावर असला म्हणजे माणूस सुरक्षित आहे, हा मोठा गैरसमज आहे. १.८ मीटरची लॅनयार्ड (हार्नेसची दोरी), धक्का शोषणारा भाग उलगडल्यावर आणखी सुमारे १.१ मीटर, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत १.५ मीटर आणि खाली एक मीटर मोकळं. म्हणजे हुक जिथे अडकवला त्याच्या खाली साधारण साडेपाच मीटर रिकामी जागा लागते. चार मीटर उंचीवर ही लॅनयार्ड लावून पडलेला माणूस जमिनीवरच आदळतो. तिथे आखूड लॅनयार्ड किंवा आपोआप गुंडाळली जाणारी लाइफलाइन हवी.

हुक डोक्याच्या वर अडकवा. पायाखालच्या फ्लँजला अडकवला तर पडण्याचं अंतर १.५ आणि १.८ मिळून ३.३ मीटर होतं, आणि नेहमीचा शोषक तेवढ्यासाठी बनवलेला नसतो. दोन हुकांची लॅनयार्ड वापरा, म्हणजे एक सोडण्याआधी दुसरा अडकलेला असतो.

लटकलेल्या माणसाला खाली कोण आणि कशाने आणणार, हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. हार्नेसमध्ये लटकत राहणं हेही जिवावर बेतू शकतं.

## ६. कॉलम उभा करणे

१. कॉलमची दिशा आधी बघा. क्लीट कोणत्या बाजूला हवेत ते खडूने बेसप्लेटवर आणि पायावर दोन्हीकडे लिहा. उलटा बसलेला कॉलम बहुधा राफ्टर वर गेल्यावरच लक्षात येतो.

२. गाय रोप (कॉलमला ताणून धरणारे दोर) आणि शिडी कॉलम आडवा असतानाच बांधा.

३. क्रेनने उभा करताना खालचं टोक जमिनीवर फरफटू देऊ नका. बेसप्लेटची कड वाकते.

४. बोल्टवर सरकवताना हात प्लेटखाली घालू नका. पॅकिंग सरकलं तर पहारीने सरकवा.

५. चारही बोल्टना वॉशर आणि नट लावून ते बसते करा, गाय रोप चार दिशांना ताणा, आणि नंतरच हुक सोडा.

गाय रोप जमिनीशी साधारण ४५° मध्ये असावी. जागा नाही म्हणून ती कॉलमच्या जवळ, अगदी उभी बांधली तर ती कॉलमला वरून खाली दाबते, बाजूला धरत नाही.

थांबा: एकटा कॉलम फक्त फाउंडेशन बोल्टवर रात्रभर सोडू नका. ग्राउट नाही, पॅकिंग चार ठिकाणी आहे आणि वारा रात्रीही असतो.

## ७. सुरुवात ब्रेसिंगच्या गाळ्यापासून

उभारणी एका टोकापासून सरळ पुढे नेत जायची सवय असते. खरं तर ज्या गाळ्यात (कॉलमच्या दोन रांगांमधल्या जागेत) उभं ब्रेसिंग (तिरके आधार) आहे तिथून सुरू करा. चार कॉलम, त्यांना जोडणारे बीम किंवा राफ्टर, भिंतीचं आणि छताचं ब्रेसिंग, एवढं झालं की एक चौकट स्वतःच्या बळावर उभी राहते. पुढचा प्रत्येक तुकडा तिच्या आधाराने लावायचा.

राफ्टरबाबत एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. दोन कॉलमवर बसलेला लांब राफ्टर बोल्ट लावल्यावर स्थिर दिसतो, पण त्याला आडवा आधार नसतो. दाबाखाली असलेला फ्लँज बाजूला निसटतो आणि पूर्ण राफ्टर पिळून पडतो. म्हणून ड्रॉइंगप्रमाणे लागणाऱ्या पर्लिन (राफ्टरवरचे, पत्र्याखालचे आडवे तुकडे), स्ट्रट (राफ्टरमधले आडवे दांडे) आणि फ्लँजच्या तिरक्या पट्ट्या बसेपर्यंत क्रेनचा हुक सोडू नका, किंवा तेवढीच गाय रोप लावा. त्या तिरक्या पट्ट्या "नंतर लावू" म्हणून खोक्यातच राहतात. शेड पडण्यामागे हे एक जुनं कारण आहे.

## ८. बीम जोडणे

जोडणारा फिटर पॉजर वापरतो. या पान्याची दांडी टोकाला निमुळती असते. निमुळतं टोक एका भोकात घालून भोकं जुळवा, दुसऱ्यात बोल्ट टाका. भोक जुळलंय का हे बघायला बोट घालू नका. बीम एक मिमी हलला तरी बोट जातं.

हुक सोडण्याआधी बीमच्या प्रत्येक टोकाला निदान दोन बोल्ट, नटासह, पान्याने बसते केलेले हवेत. बीम लांब किंवा जड असेल तर इंजिनिअर सांगेल तितके.

एक जोड खास धोक्याचा असतो. कॉलमच्या वेबच्या दोन्ही बाजूंना दोन बीम, आणि दोघांना मिळून तेच बोल्ट. पहिला बीम बोल्टने लावलेला असतो. दुसरा बसवायचा तर बोल्ट काढून दोघांतून पुन्हा घालावे लागतात, आणि त्या मधल्या क्षणी पहिला बीम हवेतच असतो. अशा जोडाला खाली बसायला सीट अँगल हवा, किंवा एक जास्तीचा बोल्ट हवा जो फक्त पहिल्या बीमला धरून ठेवतो. ड्रॉइंगमध्ये दोन्ही दिसत नसेल तर फॅब्रिकेशनच्या आधीच विचारा. वर गेल्यावर यावर उपाय नाही.

भोकं जुळत नसतील तर ड्रिफ्ट (निमुळती पिन) घणाने मारून भोक लांबवू नका. ड्रिफ्ट तुकडे रेषेत आणण्यासाठी आहे. थोडा फरक रीमरने (भोक घासून वाढवणाऱ्या हत्याराने), परवानगी घेऊन काढता येतो. गॅसने कापलेल्या भोकाच्या कडा खडबडीत आणि ठिसूळ होतात, बोल्ट तिथे नीट टेकत नाही, आणि बारीक तडा तिथूनच सुरू होतो.

या टप्प्यावर सगळे नट बसते असावेत, कसलेले नसावेत.

## ९. ओळंबा, काटकोन, रेषा

हे काम सकाळी करा. पोलाद दर अंशाला, दर मीटरला ०.०१२ मिमी वाढतं. ६० मीटर लांबीच्या सांगाड्यात २० अंश फरक पडला की १४ मिमी झाले. एका अंगाने ऊन लागलं तर त्या अंगाची लांबी वाढते आणि कॉलमचा माथा सावलीच्या बाजूला झुकतो. दुपारी तीनला "सरळ" केलेला कॉलम सकाळी वाकडा दिसतो तो यामुळे.

ओळंबा दोन्ही दिशांना बघा, एकदा फ्लँजवर आणि एकदा वेबवर. वाऱ्यात तो डोलत असेल तर वजन पाण्याच्या बादलीत बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. दोरी आणि कॉलममधलं अंतर वर आणि खाली पट्टीने मोजा, नजरेने ठरवू नका. किती चूक चालते ते ड्रॉइंगवर असतं. १:५०० हा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा आकडा आहे, म्हणजे ९ मीटर कॉलमला माथ्यावर १८ मिमी.

मग गाळ्याचे दोन्ही कर्ण मोजा. फरक असेल तर गाय रोपच्या टर्नबकलने (दोर ताणायच्या स्क्रूने) ओढा. ब्रेसिंगचा रॉड ताणून सांगाडा सरळ करू नका. तो ताण रॉडमध्ये कायमचा अडकून बसतो.

एक गाळा सरळ झाला की त्यातले बोल्ट लगेच पुढच्या टप्प्यात घ्या. पुढचा गाळा ओढताना मागचा हलतो, आणि मग दिवसभर दोघांत झटापट चालते.

## १०. बोल्ट आवळणे

आधी बोल्ट ओळखा. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ (ताकदीची श्रेणी) कोरलेलं असतं. ताण देऊन बसवायच्या स्ट्रक्चरल बोल्टचं डोकं साध्या बोल्टपेक्षा मोठं असतं: साध्या एम २० ला ३० चा पाना लागतो, स्ट्रक्चरल एम २० ला ३२ चा; एम २४ ला अनुक्रमे ३६ आणि ४१. पाना बसत नाही म्हणून कुणी ओरडलं तर आधी बोल्टच चुकीचा आला आहे का ते बघा. बोल्ट, नट आणि वॉशर एकाच खोक्यातले, एकाच जोडीचे वापरा.

कडक वॉशर जो भाग फिरवणार त्याच्या खाली, म्हणजे बहुधा नटाखाली. उतरत्या फ्लँजवर पाचरीच्या आकाराचा वॉशर हवा. नाहीतर बोल्टचं डोकं एका कडेवर टेकतं आणि आवळताना बोल्ट वाकतो.

आवळणं दोन फेऱ्यांत होतं.

पहिली फेरी: एका माणसाने साध्या लांबीच्या पान्याने पूर्ण जोर लावून कसणं. गटाच्या मधल्या बोल्टपासून बाहेर जा. बाहेरचे आधी कसले तर प्लेट मध्ये फुगलेली राहते. फेरी संपली की पहिले बोल्ट पुन्हा बघा. ते बहुधा ढिले झालेले असतात, कारण नंतरच्या बोल्टनी प्लेटी आणखी दाबलेल्या असतात. प्लेटी एकमेकींना टेकल्या की पुढे जा. साधे जोड इथेच संपतात.

दुसरी फेरी फक्त ताण द्यायच्या जोडांना. नटाचं टोक, बोल्टचं टोक आणि प्लेट यांवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. नट फिरवण्याच्या पद्धतीत प्रचलित प्रमाण असं: बोल्टची लांबी व्यासाच्या चौपटीपर्यंत असेल तर एक तृतीयांश फेरा, चौपटीहून जास्त आणि आठपटीपर्यंत असेल तर अर्धा, बारापटीपर्यंत दोन तृतीयांश. हे दोन्ही पृष्ठभाग सपाट असतील तर लागू. एम २० × ७० ला ७० हे ८० च्या आत, म्हणून एक तृतीयांश. प्रकल्पाची पद्धत वेगळी असेल तर तिच्याप्रमाणे. फिरवताना डोकं दुसऱ्या पान्याने धरलेलं हवं, नाहीतर बोल्टही नटाबरोबर फिरतो आणि रेघ खोटं बोलते.

टॉर्क पाना वापरणार असाल तर दुसऱ्या साइटचा तक्ता उचलू नका. एम २० च्या १०.९ बोल्टला १७२ किलोन्यूटन ताण द्यायचा आहे. आटे तेलकट, घर्षणाचा गुणक ०.१३, तर ४४७ न्यूटन-मीटर लागतील. तोच बोल्ट पावसात गंजला, गुणक ०.२० झाला, तर ६८८. पाना ४४७ ला टक करेल आणि ताण हवा त्याच्या दोन तृतीयांशच मिळेल. म्हणून बोल्टची खोकी झाकलेली ठेवा, रोज लागतील तेवढीच उघडा, आणि त्याच खोक्यातल्या बोल्टवर चाचणी करून आकडा ठरवा.

तपासा:
- नटाच्या बाहेर निदान एक पूर्ण आटा दिसतो का?
- घर्षणाने भार नेणाऱ्या जोडाच्या आतल्या तोंडावर रंग, तेल किंवा मातीचा थर नाही ना? ड्रॉइंगने सांगितलेला लेपच चालतो.
- एकदा ताण दिलेला बोल्ट सैल करून परत वापरलेला नाही ना? तो आधीच ताणलेला असतो, फेकून द्या.

## ११. ग्राउट आणि गाय रोप

ओळंबा पक्का, जोडांचे बोल्ट पूर्ण, आणि मगच ग्राउट. आकसत नाही असाच ग्राउट वापरा. पायाचं काँक्रीट आधी भिजवा, पण ओतताना बोल्टच्या खड्ड्यांत साचलेलं पाणी काढून टाका. ग्राउट एकाच बाजूने, न थांबता ओता, समोरच्या बाजूने वर येईपर्यंत. दोन्हीकडून ओतलं की मध्ये हवा अडकते. ती बाहेरून कधीच दिसत नाही, पण बेसप्लेटला हातोड्याने टकटक केलं की पोकळ आवाज येतो. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच घाला. पातळ केलेला ग्राउट सहज वाहतो आणि नंतर तळाशी वाळू, वर पाणी असा बसतो.

ग्राउट कडक झाला की फाउंडेशन बोल्टचे नट शेवटचे कसा, दुसरा नट लावा आणि पुन्हा एकदा ओळंबा सोडा.

गाय रोप सगळ्यात शेवटी, एकावेळी समोरासमोरची एकच जोडी, असे सैल करा. सोडताना टर्नबकल हळू फिरवा आणि माथ्याकडे बघत राहा. कॉलम पाच-सात मिमी सरकलेला दिसला तर थांबा, रोप परत ताणा आणि कुठलं ब्रेसिंग सैल राहिलं आहे ते शोधा.